माह्यावाला ओरिजिनल, तुह्यावाला डब्बा

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत. एक चांदूर रेल्वे, एक चांदूर बाजार. बाहेरगावचा माणूस हमखास घोटाळा करतो, आणि मग फोनवर "अहो, आमचं रेल्वेवालं चांदूर" असं सांगत बसावं लागतं. नाव एक, गावं दोन. आज ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय त्यात बरोबर उलटं आहे. तिथे नावं दोन होती आणि वस्तू एकच. हे कळायला मला वीसेक वर्षं, एक पेचकस आणि एक मागे घेतलेला पेपर लागला.

प्रकरण व्हिडिओ गेमचं आहे. माझं पीएचडीचं काम इलेक्ट्रॉनिक्समधलं, इतिहासातलं नाही. पण एका चर्चासत्रासाठी मी "लहान गावांतले व्हिडिओ गेम कन्सोल" असा विषय घेतला आणि पार तोंडावर आपटलो. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर मी कुठे आपटलो ते तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी भांडण सांगतो. माझ्याकडे काळा, चपटा, दिसायला जरा रागीट असा एक टीव्ही गेम होता. बाबांनी नागपूरला सीताबर्डीवरून आणला होता. धामणगावच्या माझ्या मावसभावाकडे करड्या रंगाचा होता. त्याला वरून गोल झाकण. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आपला डबा पिशवीत घालून गाडीने चांदूरला यायचा. धामणगाव-चांदूर अंतर ते किती, पण तो असा यायचा जणू मुंबईहून माल घेऊन आलाय. आणि मग रोज तेच. "माह्यावाला ओरिजिनल प्लेस्टेशन हाये. तुह्यावाला कॅसेटवाला डब्बा." त्याच्या झाकणावर प्लेस्टेशनसारखंच लिहिलेलं असायचं, एखादं अक्षर इकडचं तिकडे. आम्हाला इंग्रजी तेवढं कुठे येत होतं. मी म्हणायचो माझ्यात गेम फास्ट चालतात. तो म्हणायचा त्याचं चित्र क्लिअर. एका मे महिन्यात हे इतकं पेटलं की तो चार दिवस आधीच परत गेला, आणि मावशीने आईला फोन करून विचारलं, झालं काय म्हणून.

आता जगाचा इतिहास पाहा. कन्सोलच्या स्पर्धेची जी गोष्ट पुस्तकांत आणि माहितीपटांत सांगितली जाते ती साधारण अशी. १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम बाजारात आला, किंमत १४,८०० येन. त्याच दिवशी, अगदी त्याच तारखेला, सेगाने आपला एसजी-१००० आणला. फॅमिकॉम पुढे अमेरिकेत एनईएस या नावाने गेला. सेगाने १९८८ मध्ये मेगा ड्राइव्ह काढला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निन्टेन्डो आणि सेगा अमेरिकेत एकमेकांच्या उरावर बसले. जून १९९१ मध्ये शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने निन्टेन्डोसोबतचं सीडीवालं यंत्र जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने सांगितलं की आम्ही फिलिप्ससोबत जातोय. अपमान झालेल्या सोनीने मग स्वतःचं यंत्र बनवलं. ३ डिसेंबर १९९४ ला जपानमध्ये प्लेस्टेशन आलं. २००० साली प्लेस्टेशन टू, २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स. सेगा तोपर्यंत यंत्रं बनवण्यातून बाहेर पडली होती.

यात आपण कुठे? अधिकृतपणे, जवळजवळ कुठेच नाही. सेगाने एप्रिल १९९५ मध्ये शॉ वॉलेसबरोबर भारतातल्या वितरणाचा करार केला, कारण थेट आयात केली तर ८० टक्के शुल्क लागायचं. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत १८,००० रुपये होती. त्या पैशात तेव्हा घरात रंगीत टीव्ही आला असता, आणि गेम जोडायला आधी टीव्ही पाहिजे. म्हणजे ज्या घरांमध्ये आम्ही खेळलो त्या घरांसाठी ही स्पर्धा नव्हतीच.

पण घरात गेम होते. चिक्कार होते. आमच्या आधीच्या पिढीचे लोक समुराई, लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर ही नावं अजून घेतात. आमच्या वेळी तर नाव विचारायचंच नाही, "नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेमवाला" म्हटलं की झालं. मला वाटलं, हीच आपली रिसर्च गॅप. यावर कुणी लिहिलेलं नाही, आपण लिहू.

(गॅपबद्दल एक सांगून ठेवतो. "या विषयावर काम झालेलं नाही" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये सगळे लिहितात. काम न होण्याचं कारण बरेचदा हे असतं की पुरावा कुठे शोधायचा तेच कुणाला कळलेलं नसतं.)

मग मी तेच केलं जे आपल्याकडे सगळे करतात. गुगल फॉर्म बनवला. "तुमच्या मते सर्वोत्तम कन्सोल कोणता?", खाली पर्याय, त्याखाली ग्राफिक्स, वेग, आवाज यांना एक ते पाच गुण. व्हॉट्सॲपवर फिरवला. उत्तरं भराभर आली, कारण या विषयावर मत नाही असा आमच्या वयाचा माणूस नाही. बार चार्ट काढले, रंग भरले, निष्कर्ष लिहिला की अमुक कन्सोल वऱ्हाडात तमुकपेक्षा सरस मानला जात होता. पेपर पाठवूनही दिला.

दिवाळीत मावसभाऊ आला. त्याला कौतुकाने चार्ट दाखवले. त्याने विचारलं, "यातला माह्यावाला कोनता?" मी करड्या रंगाच्या पट्टीवर बोट ठेवलं. तो म्हणाला, "थो डब्बा अजून माळ्यावर हाये. पाहाचा का?"

माझाही आईने भंगारात दिलेला नव्हता, ही एक कृपाच. दुसऱ्या दिवशी त्याने त्याचा आणला आणि दोन्ही डबे अंगणात खाटेवर ठेवून आम्ही स्क्रू काढले.

आत जवळजवळ काहीच नव्हतं. एवढ्या मोठ्या प्लास्टिकमध्ये तळहाताएवढा बोर्ड, थोड्या वायरी, आणि वजन यावं म्हणून एक लोखंडी पट्टी. बोर्डाच्या मधोमध डांबरासारखा काळा गोल थेंब. चिप थेट बोर्डावर चिकटवून त्यावर इपॉक्सी ओततात, तो थेंब. दोन्हीत तोच. त्याच्या डब्याचं "सीडीचं" झाकण उघडलं की खाली कॅसेटची खाच होती, साठ पिनांची. माझ्या डब्यालाही साठ पिनांचीच. साठ पिना म्हणजे जपानी फॅमिकॉमची कॅसेट. अमेरिकन एनईएसला बहात्तर लागतात.

आणि तेव्हा मला मुख्य गोष्ट आठवली. त्या भांडणाच्या सगळ्या उन्हाळ्यांत आम्ही एकमेकांच्या कॅसेटी वापरत होतो. माझी काँट्राची कॅसेट त्याच्या "प्लेस्टेशन"मध्ये चालायची. खऱ्या प्लेस्टेशनमध्ये कॅसेट घालायला जागाच नसते. पुरावा रोज हातात होता आणि आम्ही तो फुंकर मारून खाचेत बसवत होतो.

आता इथे सावध राहा, कारण विज्ञानाचा विद्यार्थी लगेच विचारेल की काळा थेंब सारखा दिसतो म्हणून आतली चिप तीच कशावरून? बरोबर प्रश्न. थेंबाखाली दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या चिपा असू शकतात. मी एवढंच म्हणू शकतो की दोन्ही यंत्रं वागतात फॅमिकॉमसारखी. मूळ फॅमिकॉमची सीपीयू चिप रिको कंपनीची होती आणि १९७५ च्या ६५०२ या प्रोसेसरवर आधारलेली. तैवानच्या यूएमसी कंपनीने तिच्यासारख्या चिपा बनवल्या, आणि पुढे सीपीयू, चित्र, आवाज सगळं एकाच चिपेत मावायला लागलं. तेव्हा असा डबा कुणीही, कुठल्याही आकारात बनवू शकत होता. रशियात तो डेंडी झाला, पोलंडमध्ये पेगासस.

आकारावरून आठवलं. माझा काळा डबा पुढे इंटरनेटवर चित्रं पाहताना ओळखू आला. तो सेगाच्या मेगा ड्राइव्हची नक्कल होता. मावसभावाचा सोनीच्या प्लेस्टेशनची. आत दोन्हीकडे निन्टेन्डो. ज्या तीन कंपन्या अमेरिकेत एकमेकींचा जीव घेत होत्या त्या आमच्या टीव्हीखाली गुण्यागोविंदाने नांदत होत्या, आणि भांडत होतो आम्ही दोघं.

मावसभाऊ थेंबाकडे पाहत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मंग आपन भांडलो कायच्यासाठी बे?"

तो हसत म्हणाला, पण मला झोप आली नाही. कारण माझा अख्खा पेपर या भांडणावर उभा होता. यंत्रं एकच असतील तर "ग्राफिक्सला ४.२ गुण" याचा अर्थ काय? सोपा मार्ग असा की लोकांना काही कळत नव्हतं, जाहिरातीला फसले, विषय संपला. मी दोन दिवस तसंच मानलं. पेपर मागे घेतो असा मेलही पाठवला. नंतर जाणवलं की हे मानणंही तितकंच आळशी आहे. मावसभाऊ खोटं बोलत नव्हता. त्याचं चित्र खरंच क्लिअर यायचं, मी स्वतः पाहिलं होतं.

मग मी परत लोकांना विचारलं, पण प्रश्न बदलले. सर्वोत्तम कोणता हे विचारलंच नाही. टीव्ही कोणता होता? वायर कुठे लावायचे? गेम लावताना कोण बसायचं? रिमोट आधी कोणतं बटण खराब झालं? लाइट कधी जायची? आणि उत्तरं एकदम वेगळी यायला लागली.

चित्राचं कोडं पहिल्याच उत्तरात सुटलं. आमच्याकडे जुना ठोकळा टीव्ही, त्याला फक्त ॲंटेनाची खाच. गेमचं चित्र आधी रेडिओ लहरींत बदलून ॲंटेनाच्या वायरीतून टीव्हीत जायचं, आणि चॅनल घुमवून घुमवून पकडावं लागायचं. जरा हललं की मुंग्या. धामणगावला त्यांच्या टीव्हीला पिवळी-पांढरी पिन लावायची सोय होती, म्हणजे चित्र थेट आत. त्याचा डबा चांदूरला आमच्या टीव्हीला लावला की तोही मुंग्या दाखवायचा, पण तेव्हा तो म्हणायचा, "तुमचा टीव्हीच खराब हाये." ते अगदी बरोबर होतं! आपल्या भाषेत सांगायचं तर हा कन्फाउंडिंग व्हेरिएबल. मी कन्सोल मोजतोय असं समजत होतो आणि मोजत होतो टीव्ही.

रिमोटचंही तसंच. जपानच्या मूळ रिमोटला टर्बो बटणं नव्हती, नकली डब्यांच्या रिमोटला असायची. ती दाबून धरली की गोळ्या आपोआप सुटतात. माझ्या रिमोटची टर्बो बटणं चालायची, त्याची आतली रबरी पट्टी झिजली होती. "माझ्यात गेम फास्ट चालतात" हे माझं म्हणणं म्हणजे एवढंच.

आणि कॅसेटी. "९९९९ इन १" च्या यादीत तेच ते गेम फिरून फिरून यायचे, कुठे दुसऱ्या लेव्हलपासून सुरू, कुठे फक्त नाव बदललेलं. आम्ही पानं उलटत जायचो, पंचवीस-तीसच्या पुढे नवीन काही सापडायचं नाही. मग खरा फरक कुठे होता, तर कुणाच्या ओळखीचा माणूस कॅसेट बदलून देतो यात. ज्याच्या मित्राकडे काँट्रा, त्याचा डबा चांगला.

फुंकर मारण्याचंही ओघात सांगून टाकतो. "फुंकलं की चालते" हे सगळ्यांनी सांगितलं, एकही अपवाद नाही. पण फुंकायचं तर कॅसेट काढावी आणि परत घालावी लागते, आणि घासली जाऊन पिनांचा संपर्क त्यानेच सुधारतो. न फुंकता काढघाल करून पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. सगळ्यांचा अनुभव खरा, पण तुलनेसाठी कंट्रोलच नाही.

साल ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. बिलं नाहीत, वॉरंटी कार्ड नाहीत, जाहिराती नाहीत. लोक म्हणतात "दोन हजारच्या आसपास". तिथे क्रिकेटने मदत केली. २००३ च्या फायनलआधी की नंतर, असं विचारलं की माणूस थांबून विचार करतो. भारनियमन आठवलं की अजून एक खुंटी मिळते, कारण कोणत्या वेळी लाइट जायची हे त्या वयात पोरांना पाठ असायचं. वस्तूसुद्धा बोलते. एका काकांनी ठामपणे सांगितलं की त्यांच्याकडचा प्लेस्टेशनच्या आकाराचा डबा १९९२ चा. प्लेस्टेशनचा तो आकारच डिसेंबर १९९४ आधी जगात नव्हता, तर त्याची नक्कल कुठून येणार? पुरातत्त्वाचे लोक नाण्यावरून थराचं साल ठरवतात, मी प्लास्टिकवरून ठरवतोय. काकांना मात्र तसं तोंडावर म्हटलं नाही. काका, तुमच्याकडे त्याआधी अजून एखादा होता का, असं विचारलं. होता. तो ९२ चा निघाला. दोन डबे आठवणीत एक झाले होते.

आता असं एक मत सांगतो जे मी हसण्यावारी नेलं होतं. मावसभाऊ मोबाइलवर मारिओ खेळून म्हणाला होता, "मोबाइलवरचा लय पयते. आपला हळू होता." म्हटलं, वय झालं तुझं. पण गणित करून पाहा. आपल्याकडचा टीव्ही सेकंदाला ५० चित्रं दाखवायचा, जपान-अमेरिकेतला ६०. मारिओचा प्रोग्राम चित्रं मोजत चालतो. वर कोपऱ्यात जो टाइम उतरत जातो त्याचा एक आकडा कमी व्हायला २४ चित्रं लागतात. म्हणजे १०० आकडे उतरायला २,४०० चित्रं. ६० ने भागलं तर ४० सेकंद, ५० ने भागलं तर ४८. युरोपसाठी निन्टेन्डोने वेग सुधारलेली वेगळी आवृत्ती काढली, पण आपल्या नकली कॅसेटीत ६० वालाच गेम भरलेला. मी स्टॉपवॉच लावून दोन्ही डबे तपासले. दोन्हीकडे ४८ च्या आसपास. मोबाइलवर ४०. वीस वर्षांनंतर, निव्वळ आठवणीवरून, त्या माणसाने सहाव्या हिश्श्याचा फरक ओळखला होता. फॉर्मवर "वेग" या रकान्यात त्याने पाचपैकी तीन दिले होते आणि माझ्या चार्टमध्ये ते कुठेतरी सरासरीत विरघळून गेले.

नंतरचा काळ माझ्या कामात थोडकाच आहे. सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला, एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन थ्री, ३९,९९० रुपयांना. आम्ही मात्र अमरावतीला तासाच्या हिशोबाने प्लेस्टेशन टू खेळत होतो, जे १५ कोटींहून जास्त विकलं गेलं. सोनीने २००९ मध्ये त्याच्यासाठी हैदराबादला बनलेला हनुमानाचा गेमही काढला. तिथे कन्सोल कुणाचाच नव्हता, म्हणून कन्सोलवरून भांडणही नव्हतं. भांडण व्हायचं ते "माझी पाच मिनिटं बाकी आहेत" यावरून.

पेपर आता नव्याने लिहितोय, बार चार्टशिवाय. गाईड सरांनी विचारलं, एन किती? म्हटलं, सर, यावेळी एकेका माणसाशी दोन-दोन तास बसतोय. ते फार खूश दिसले नाहीत. पण काकांसारखे लोक साठीच्या पुढे आहेत आणि डबे भंगारात जातायत, दर दिवाळीच्या साफसफाईत थोडे थोडे. तुमच्या घरी माळ्यावर एखादा असेल तर टाकायच्या आधी एकदा उघडून बोर्डाचा फोटो काढा, आणि तो कुणी, कुठून, कशाच्या आधी आणला ते घरच्या मोठ्यांना विचारून मागे लिहून ठेवा.

एक राहिलंच. त्या दिवशी अंगणात आम्ही स्क्रू परत लावले आणि डबे घरात नेऊन टीव्हीला जोडले. त्याचा लगेच सुरू झाला. माझा नाही. दोनदा, तीनदा, कॅसेट फुंकूनही नाही.

"सांगतलं होतं न मी," तो म्हणाला. "माह्यावाला ओरिजिनल."

मी मल्टिमीटर आणला. माझ्या अडॅप्टरमधून काहीच येत नव्हतं. ध्रुव तपासून त्याचा अडॅप्टर माझ्या डब्याला लावला, आणि स्क्रीनवर ती ९९९९ वाली यादी आली. दाखवायला मागे वळलो तर तो चहा घ्यायला आत निघून गेला होता.